सत्त्याहत्तर मीटरवरची भिंत

भाईदासने स्कोअरबुक माझ्या टेबलावर आपटलं, तेव्हा वाचनालयात सात-आठ मुलं बसली होती. सगळ्यांनी माना वर केल्या.

"भाऊ, हे वाचून दाखवा."

"हळू बोल, अभ्यास चाललाय त्यांचा."

"हळूच बोलतोय. रविवारची मॅच काढा. माझं नाव वाचा."

मी चष्मा लावला. माझंच अक्षर होतं, तरी परक्याचं असल्यासारखं वाचलं. "भाईदास कोळी. पहिल्यांदा झेलबाद. मग झेलबाद. मग तीन बेस. मग झेलबाद."

"आता प्रफुल्लचं."

"होम रन. बाद. होम रन. बाद."

"माझा दुसरा झेल कुठे घेतला त्यांनी?"

"डावीकडे, मागे."

"किती मागे?"

"ते स्कोअरबुकात लिहीत नाहीत, भाईदास."

"केळीला पाठ टेकली होती त्या पोराची. आणि प्रफुल्लचा चेंडू त्याच्या निम्म्या अंतरावर भिंतीपलीकडे पडला. त्याला चार, मला शून्य. कोणी लिहिलं?"

"नियमाने लिहिलं."

"नियम मलाही दाखवा ना मग. की तो फक्त डावखुऱ्यांना लागतो?"

मुलांपैकी कोणीतरी हसलं. भाईदासने वळून पाहिलं, तसं ते हसू बंद झालं. अंगाने तो काही मोठा नव्हता. उंच, काटकुळा, तापीकाठच्या उन्हाने काळाठिक्कर पडलेला. पण त्या दिवशी त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

हे छत्तीस वर्षांपूर्वीचं. तालुक्याच्या गावातल्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथालय सहायक होतो आणि बेसबॉल संघाचा स्कोअररही. हे दुसरं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि रविवारी मला कुठे जायचं नसायचं. गावात सगळे क्रिकेट खेळायचे. बेसबॉल आणला तो आमचे क्रीडाशिक्षक नारखेडे सर यांनी.

बेसबॉलचं मैदान उघडलेल्या पंख्यासारखं असतं. मुठीच्या जागी प्लेट, तिथे फलंदाज उभा राहतो आणि पंखा त्याच्यापुढे पसरलेला असतो. आमच्या पंख्याची उजवी बाजू तोकडी होती. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीची दगडी भिंत तिथे आडवी यायची. डावी बाजू मात्र केळीच्या बागेपर्यंत मोकळी, एकशे पंधरा मीटर. आता, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा जोरदार फटका बहुतेक वेळा डावीकडे जातो आणि डावखुऱ्याचा उजवीकडे. डावखुऱ्याने मारलेला चेंडू भिंतीवरून गेला की होम रन. चारही बेस, म्हणजे ठरलेली चार ठाणी, चालत फिरून घरी यायचं, वर टाळ्या, आणि माझ्या वहीत चार. उजव्याने त्याहून लांब मारलेला चेंडू मोकळ्या मैदानात खाली उभ्या असलेल्या पोराच्या हातात पडायचा.

नारखेडे सरांनी आपला सगळा संघ या भिंतीवर उभा केला होता. खेळाडू कुठून आणायचे, तर लग्नांतून. आमच्याकडे लग्नाच्या पंगती मोठ्या असतात. सर आहेर देऊन झाला की पंगतीच्या रांगेतून सावकाश चालत जायचे. कुठल्या पोराचा डावा हात आधी वरणाकडे जातोय, कुठल्या पोराला शेजारची म्हातारी हातावर चापट मारतेय, ते बघायचे. मग त्याच्या बापाजवळ जाऊन बसायचे. प्रफुल्ल चौधरी त्यांना असाच मिळाला होता. बुंदी वाढणारा त्याच्यावर डाफरत होता. आयटीआयची मिळालेली जागा सोडून तो सरांच्या शब्दावर आमच्या कॉलेजात आला.

अशा सहा डावखुऱ्यांचा संघ. त्यातले दोघे इतके जड होते की धावताना बघणाऱ्यालाच दम लागायचा. पण उजवीकडे धावायचं होतंच कुठे? भिंत जवळ, म्हणून तिथे जडच उभे करायचे. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, तोही सरांनी असा शोधला होता की त्याचे चेंडू समोरचे खेळाडू हमखास डावीकडे मारायचे. आणि डावीकडच्या त्या सगळ्या रानासाठी एकच माणूस ठेवला होता. भाईदास. "याने माझे दोन खेळाडू वाचवले," असं सर पाहुण्यांना सांगायचे. कौतुकाने सांगायचे. भाईदासला फलंदाजी द्यावी लागायची, कारण नियमाप्रमाणे नऊच्या नऊ जणांना द्यावी लागते.

घरच्या मैदानावर आम्ही सहा वर्षांत चारच सामने हरलो होतो. बाहेर किती हरलो, ते कोणी विचारायचं नाही.

त्या शनिवारी नदीपलीकडच्या कॉलेजचा संघ यायचा होता. सामना झाला की विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी आमच्याकडून दोन नावं जाणार होती. विद्यापीठाकडून एकदा खेळलं की प्रमाणपत्र मिळायचं आणि त्यावर खेळाडूंसाठी राखलेल्या जागेत नोकरी लागायची. भाईदासचं हे शेवटचं वर्ष होतं. तीन वर्षं तो ज्या दोन नावांची वाट बघत होता, ती दोन्ही नावं होम रनच्या क्रमाने लागणार होती, आणि त्याच्या नावावर एकही होम रन नव्हता.

"माझे झेल किती लांब गेले, ते मोजू," तो म्हणाला. "आकडा घेऊन सरांकडे जातो. आकड्याला तरी नाही म्हणणार नाहीत. तुम्ही या सोबत. तुमचा शब्द चालतो."

मी नको म्हणायला हवं होतं. मोजायचंच असेल तर दुसरी टेप आण, असं तरी सांगायला हवं होतं. गुरुवारी दुपारी मैदान मोकळं असतं, एवढंच मी म्हणालो.

*

टेप कॉलेजची होती. शंभर मीटरची, कापडी, चामड्याच्या गोल डबीतली, टोकाला पितळी कडी. आधी आम्ही डावीकडे मोजलं. केळीच्या पहिल्या रांगेपर्यंत, तुकड्या-तुकड्याने. भाईदास टेप ओढत पळायचा, मी आकडा कागदावर लिहायचो. रविवारी झेल घेतला होता, त्या जागी त्याने उपरणं टाकून खूण केली. एकशे दहा.

"एकशे दहा मीटरला बाद," तो म्हणाला. "लिहिलं?"

"लिहिलं."

"आता भिंत."

"भिंतीचं माहीत आहे की. सत्त्याहत्तर. विद्यापीठाला कळवलेलं आहे."

"पुन्हा मोजू. शेजारी शेजारी दोन्ही आकडे लिहून दाखवायचेत मला."

भिंतीपाशी मी उभा राहिलो. तो कडी घेऊन प्लेटकडे गेला, तिथे खाली बसला, आणि बराच वेळ उठलाच नाही. मी हाक मारली. त्याने टेप जमिनीवर ठेवली आणि चालत माझ्याकडे आला. धावला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"तुमच्याकडे किती आलं?"

"सत्त्याहत्तर."

"भाऊ, ही टेप सहापासून सुरू होते. पुढचा तुकडा तुटलाय. कोणीतरी सहाच्या आकड्याशी कडी शिवून टाकलीय. मोचीच्या दोऱ्याने."

"असं?"

"मघाशी तिकडे मोजताना मी कडी नुसती मुठीत धरली होती, बघितलं नव्हतं. म्हणजे तिथलेही आकडे चुकले. पण ते जाऊ द्या. ही भिंत एकाहत्तर आहे." मग तो थांबला. "एकाहत्तरने काय फरक पडतो? तुमच्या पुस्तकात काही आहे का?"

नियमांचं इंग्रजी पुस्तक वाचनालयात होतं. सहा वर्षांत ते माझ्याशिवाय कोणी नेलं नव्हतं. मला पान पाठ होतं. अडीचशे फुटांच्या आत, म्हणजे शहात्तर मीटर आणि वर थोडं, एवढ्यात भिंत असेल तर तिच्यावरून गेलेल्या चेंडूला होम रन मिळत नाही. दोनच बेस मिळतात.

मी ते त्याला सांगितलं. सांगितलं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

भाईदास भिंतीला टेकून उकिडवा बसला. मनात हिशेब मांडत असावा. प्रफुल्लचे त्या वर्षीचे चौदा होम रन, बाकीच्या डावखुऱ्यांचे नऊ-दहा, सगळे दोन-दोन बेसांवर येत होते. भाईदासने धावून धावून मिळवलेले तीन बेस अकरा वेळा होते. होम रन कोणाचेच उरले नाहीत, तर तीन बेसच्या क्रमाने पहिलं नाव कोणाचं, हे सांगायला स्कोअरर लागत नव्हता.

"म्हणजे मी आहे," तो म्हणाला.

"हो."

"शनिवारच्या यादीत मी आहे."

"नियमाने, हो."

मग त्याने माझ्याकडे वर पाहिलं. उन्हामुळे डोळे बारीक केले होते. "भाऊ, तुम्ही दचकला नाहीत."

"कशाला?"

"टेप सहापासून सुरू होते म्हटलं, तेव्हा. माणूस दचकतो. तुम्ही 'असं?' म्हणालात."

मी टेप गुंडाळायला लागलो. "मी बोलतो सरांशी," असं म्हणालो. "तू काही बोलू नकोस. उद्या मी बोलतो."

*

जिमखान्याच्या खोलीत नारखेडे सर ग्लोव्हजना तेल लावत बसले होते. मोठा, मोकळा माणूस. आपल्या खेळाडूंच्या बहिणींच्या लग्नात ते स्वतः पाणी वाढायचे. माझ्यासारख्याला चारचौघांत नावाने हाक मारणारे कॉलेजात ते एकटेच. हे सगळं खरं आहे, आणि आज ते आठवलं की मला जास्तच राग येतो.

"या अत्तरदे. चहा सांगू?"

"नको सर. भिंतीबद्दल बोलायचं होतं."

"कुठल्या?"

"आपल्या. ती एकाहत्तर भरते."

त्यांचा हात थांबला नाही. "कोणी मोजली?"

"मी आणि भाईदासने."

"सहा वर्षांपूर्वी कोणी मोजली होती?"

"आपण दोघांनी."

"आपण दोघांनी नाही. आकडा तुम्ही वाचलात, पत्र तुमच्या अक्षरात गेलं, खाली सही तुमची. मी आपला कडी धरून प्लेटपाशी बसलो होतो."

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे कडी तुमच्या हातात होती."

"होती."

"तिच्याशी सहा लिहिलेलं होतं."

"मलाही वाचता येतं, अत्तरदे." त्यांनी फडकं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "म्हणून तर तुम्हाला भिंतीपाशी पाठवलं. माझा आकडा कोणीही पुन्हा मोजला असता. तुमचा कोण मोजतो? चष्मा, पुस्तकं, मान खाली. लोक म्हणणार, हा माणूस कशाला खोटं सांगेल?"

"मग तुम्ही मला तेव्हाच..."

"मी का? तुम्ही का नाही बोललात? नंतर वाचनालयाची रॅकं बसवली, तेव्हा हीच टेप महिनाभर तुमच्याकडे होती. सुताराने सहा मीटरचा घोळ घातला म्हणून तुम्ही त्याला रागावला होता, मग दुसऱ्या दिवशी गप्प झालात. शिपाई सांगत होता, मी ऐकलं होतं. मी वाट बघितली, अत्तरदे. आठ दिवस वाट बघितली की हा येतो का सांगायला."

मी गेलो नव्हतो. त्या आठ दिवसांत सर पहिल्या डावखुऱ्याला घेऊन आले होते. प्राचार्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले होते, यांच्या पुस्तकामुळे आपला संघ झाला. तोपर्यंत माझ्या खांद्यावर कोणी हात टाकला नव्हता. एवढंच कारण. दुसरं मोठं कारण असेल म्हणून मी पुढे पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

"भाईदासचं नाव पाठवा, सर," मी म्हणालो. "नियमाने त्याचं पहिलं आहे."

"विद्यापीठाने होम रन मागितलेत. मी काय केळीतले झेल पाठवू?"

"ते होम रन नाहीत. दोन बेस आहेत."

"मग लिहून द्या." त्यांनी खणातून कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं. "मी, दिगंबर अत्तरदे, सहा वर्षं जाणूनबुजून खोटे आकडे लिहिले. सही करा. मी आत्ता प्राचार्यांकडे नेतो. ट्रॉफ्या परत करू. प्रफुल्लच्या बापाला तुम्ही सांगा, तुमच्या पोराने चार वर्षं काही केलं नाही म्हणून."

खिडकीतून मैदानावरचा आवाज येत होता. कोणीतरी सराव करत होतं. मी कागदाकडे बघत उभा राहिलो. बसलो असतो तर कदाचित लिहिलंही असतं. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलंय आणि मला ते पटत नाही.

"भाईदास धावतो चांगला," सर म्हणाले, आता मऊ आवाजात. "त्याचं होईल कुठेतरी. चहा घेऊन जा."

मी चहा घेतला. ते मला सगळ्यांत लागतं. मी तिथे बसून पूर्ण कप चहा प्यायलो.

खाली जिन्यापाशी भाईदास उभा होता.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

*

शनिवारी पंच बाहेरगावचे होते. वयस्क, काटेकोर, मळकट पांढरी टोपी घातलेले. सामन्याआधी दोन्ही संघांचे लोक प्लेटपाशी जमतात आणि मैदानाचे नियम ठरतात. मीही स्कोअरर म्हणून तिथे उभा होतो.

"डावीकडे कुंपण नाही?" पंचांनी विचारलं.

"नाही. केळीत चेंडू गेला की सापडत नाही," सर म्हणाले. "म्हणून आमच्या इथला नियम आहे, केळीत गेला की दोन बेस. तिथवर टप्पा खात खातच जातो."

"ठीक. आणि ही भिंत? जवळ दिसते हो. अडीचशे फूट आहे का?"

"आमचे स्कोअरर सांगतील. पुस्तकातला माणूस आहे. यांच्या तोंडून खोटं निघत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. पंच, पाहुण्या संघाचा कप्तान, आमचा कप्तान. दहा पावलांवर भाईदास ग्लोव्ह घालत होता. त्याचा हात अर्धा आत गेलेला तसाच राहिला.

मला बोलताना नेहमी अडखळायला होतं. चार माणसांत नाव सांगताना घाम येतो. त्या दिवशी मात्र आवाज स्वच्छ निघाला.

"सत्त्याहत्तर मीटर," मी म्हणालो.

"म्हणजे बसते," पंच म्हणाले, आणि मुखवटा चढवून कामाला लागले.

प्रफुल्लने पहिल्याच वेळी भिंतीवरून मारला. जिनिंगच्या पत्र्यावर चेंडू पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी चार लिहिले. तिसऱ्या डावात जड पोरांपैकी एकाने तसाच मारला. चार लिहिले. भाईदास बाकावर बसून चेंडूकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता.

त्याचा पहिला फटका खोल डावीकडे झेलला गेला. दुसऱ्या वेळी पाहुण्यांचे दोन क्षेत्ररक्षक आणखी मागे जाऊन उभे राहिले. त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. सातव्या डावात तो पुन्हा आला तेव्हा बरोबरी होती. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा मारला.

मी तीसेक वर्षं बेसबॉल पाहिला असेन. तसा फटका पुन्हा पाहिला नाही. चेंडू वर गेला आणि वरच राहिला. मागे उभे असलेले दोघेही दोन पावलं पळाले आणि मग नुसते बघत राहिले. चेंडू केळीच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत वरून पडला. पानं फाटल्याचा आवाज आला. टप्पा कुठेच नव्हता.

भाईदास तिसऱ्या बेसकडे वळला होता. पंचांनी हात वर करून दोन बोटं दाखवली.

"केळीत. दोन बेस," ते म्हणाले. मग नियम आपणच मोडला तर नाही ना, अशा चेहऱ्याने सरांकडे पाहिलं. "तसंच ठरलं होतं ना?"

"तसंच," सर म्हणाले.

पुस्तकात लिहिलेलं आहे. अडीचशे फुटांपलीकडे मैदानाबाहेर हवेतून गेला की होम रन. कोणाच्या घरच्या नियमाने ते बदलत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं. नियमांचं पुस्तक माझ्या पिशवीत, माझ्या पायापाशी होतं. पंच भले होते, त्यांनी ऐकलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, आणि भिंतीचं काय हो?

भाईदास दुसऱ्या बेसवर परत आला. मी त्याच्या नावापुढे दोन लिहिलं.

सामना आम्ही जिंकलो, प्रफुल्लच्या दुसऱ्या होम रनने. पोरं त्याला खांद्यावर घेऊन गेली. सरांनी यादी फळ्यावर लावली: प्रफुल्ल चौधरी आणि त्या जड पोरांतला एक. मी वह्या आवरत होतो, तेव्हा भाईदास टेबलापाशी आला. वाचनालयात चढला होता, तसा त्याचा आवाज चढला नव्हता. तसा चढला असता तर बरं झालं असतं.

"सातवा डाव, भाऊ. चार लिहा."

"पंचांनी दोन दिले, भाईदास."

"चेंडू कुठे पडला, तुम्ही पाहिलात."

"पाहिला."

"मग चार लिहा. यादीचं नाही म्हणत मी. यादी लागली. नुसते चार लिहा. कुठेतरी एका जागी राहू द्या."

"मला खोटं लिहिता येत नाही," मी म्हणालो.

खरंच म्हणालो. शब्द माझ्याच तोंडातून बाहेर आले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सहा वर्षं भिंतीवरचा प्रत्येक चेंडू चार लिहिलेला माणूस, आणि पंचांनी दिलेल्या दोनावर खाडाखोड करायला माझा हात धजत नव्हता.

भाईदास माझ्याकडे बघत राहिला. "सर तरी स्वतःसाठी करतात," तो म्हणाला. "तुम्ही कशासाठी करता, भाऊ? तुम्हाला तर काही मिळतही नाही."

मग तो गेला. परीक्षेला आला नाही. पुढे सुरतेला कापडाच्या गिरणीत लागला, असं त्याच्या गावचं कोणीतरी सांगत होतं. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क नव्हता म्हणू, की धीर नव्हता?

*

निवड चाचणी पुढच्या बुधवारी विद्यापीठाच्या मैदानावर झाली. दोघा मुलांबरोबर सर आणि मी गेलो. तिथे उजवीकडे जाळीचं कुंपण होतं, अठ्ठ्याण्णव मीटरवर. प्रफुल्लने दहापैकी सात चेंडू सुरेख मारले, अगदी आपल्या भिंतीवरून जावेत तसे. सातही वेळा तिथला क्षेत्ररक्षक चार पावलं मागे सरकला आणि त्याने निवांत झेल घेतला. जाळीपाशी एकही पोचला नाही. सातव्या झेलानंतर निवड समितीतल्या एकाने शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि दोघं हसले. दुसऱ्या पोराला तर त्यांनी पाचच चेंडू टाकले.

बसस्टँडवर सर तिकिटं काढायला गेले. प्रफुल्ल माझ्याशेजारी बाकावर बसला होता. गोरा, भाबडा मुलगा. त्याने कधी कोणाला उलट शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

"भाऊ, आपली भिंत किती आहे?"

मला वाटतं, मी दमलो होतो. धीर वगैरे काही नव्हता. "एकाहत्तर," मी म्हणालो.

"सत्त्याहत्तर ना?"

"टेप तुटकी होती. एकाहत्तर. नियमाने तिथे होम रन मिळत नाही. दोनच बेस."

त्याने खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा दोनदा सारखा केला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू कॉलेजात यायच्या आधीपासून."

"आणि भाईदासला?"

"गेल्या गुरुवारपासून."

"म्हणून तो शेवटी माझ्याशी बोलला नाही." त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "मग चार वर्षं मी काय मारत होतो, भाऊ? मला सांगा ना. तुम्ही लिहीत होता. मी काय मारत होतो?"

सर तिकिटं घेऊन बसमध्ये चढले. प्रफुल्लने तेवढी वाट पाहिली. मग उठला, बसमध्ये चढला, पुढच्या बाकावर खिडकीशी बसला. मी त्याच्यामागून चढलो. त्याच्याशेजारची जागा मोकळी होती. मी जवळ आलो तसं त्याने खांद्यावरची पिशवी काढून त्या जागेवर ठेवली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

बस भरत होती. मी मधल्या दांडीला धरून उभा राहिलो. तीन तासांचा रस्ता होता, आणि उभं राहूनच जायचं मी ठरवलं होतं. एवढं तरी करायचं ठरवलं होतं.

मागच्या बाकावरून नारखेडे सरांनी हात हलवला. शेजारच्या सीटवर त्यांनी रुमाल टाकून ठेवला होता.

"अत्तरदे, इकडे या," ते म्हणाले. "तुमच्यासाठी जागा धरलीय."

आणि मी जाऊन बसलो.